एकसारखे दांडे: लेथवरचा डुप्लिकेटर कसा चालतो

जिन्याच्या कठड्यात दोन दांड्यांमधलं अंतर जेमतेम चार इंच असतं. एवढ्या जवळ उभ्या असलेल्या कातीव दांड्यांपैकी एकाचा मणी ३ मिलिमीटर वर गेला, तर तो चटकन डोळ्यांत खुपतो. त्याच दांड्याची जाडी मिलिमीटरभर कमी असली, तर मोजल्याशिवाय कुणाला कळतही नाही. लांबून पाहताना नजर सगळ्या मण्यांना जोडणाऱ्या रेषेवरून धावते आणि जिथे ही रेषा मोडते तिथे अडखळते. म्हणून एकसारखे दांडे कातताना मणी कुठे आला हे आधी सांभाळायचं, जाडी त्यानंतर. डुप्लिकेटर, म्हणजे नमुन्यावरून कातणारी जोडणी, लेथला लावतानाही हाच क्रम ठेवावा.

संखेड्याचे झोपाळे कातणारे खरादी किंवा सावंतवाडीचे लाकडी खेळणी करणारे कारागीर एकासारखा एक नग हाताने काढतात. त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव असतो. ज्याचा तेवढा हात बसलेला नाही आणि ज्याला जुन्या घराच्या कठड्यासाठी तीस-चाळीस दांडे हवेत, त्याच्यासाठी डुप्लिकेटर आहे. नमुन्यावरून लाकूड कातण्याचं यंत्र थॉमस ब्लँचर्ड यांनी १८१९च्या सुमारास अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात बंदुकांच्या दस्त्यांसाठी उभं केलं. त्यात नमुना आणि लाकूड दोन्ही फिरत. आपल्या लेथवरचा डुप्लिकेटर त्याहून पुष्कळ सोपा आहे, कारण दांडा सगळीकडून गोलच असतो. त्यात फक्त लाकूड फिरतं, नमुना स्थिर राहतो.

त्याची रचना अशी. लेथच्या बेडला समांतर दोन रूळ बसवलेले असतात आणि त्यांवर एक गाडी डावी-उजवीकडे सरकते. गाडीवरचा वरचा भाग पुढे-मागेही सरकतो. त्याच्या पुढच्या टोकाला कटर आणि खाली एक पिन असते. पिन फर्म्याच्या कडेला टेकली की कटरला आणखी आत जाता येत नाही. फर्मा म्हणजे ६ मिलिमीटर प्लायवर कापलेली दांड्याची अर्धी आकृती. गाडी सरकवत पिन त्या कडेवरून फिरवली की तीच आकृती लाकडावर उमटते.

फर्मा जेवढा चांगला, तेवढाच दांडा चांगला. जुना दांडा नमुना म्हणून घेणार असाल तर आधी त्यावरचे रंगाचे थर खरवडून काढा. तीन-चार थरांनी मणी फुगतात आणि बारीक खाचा बुजतात. हाताने कातलेले जुने दांडे आपसातही थोडे वेगळे असतात, म्हणून चार-पाच दांडे शेजारी ठेवून त्यांतला मधला निवडावा. एका टोकापासून प्रत्येक मणी, खाच आणि गळा किती अंतरावर आहे ते प्लायवर उतरवून घ्या. मग कॅलिपरने तिथला व्यास मोजा आणि त्याचा निम्मा म्हणजे त्रिज्या आखा. कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करून तिच्यावर पातळ सुपरग्लू मुरवला, तर पिनच्या घासण्याने ती झिजत नाही. कडेवर राहिलेला प्रत्येक दाता पुढे प्रत्येक दांड्यावर उतरणार आहे.

पिनचं टोक आणि कटरचं टोक एकाच गोलाईचं हवं, हे अनेकदा लक्षात येत नाही. कटर ६ मिलिमीटर गोल असेल, तर पिनही ६ मिलिमीटरचीच घ्या. पिन जाड घेतली तर मणी फुगतात आणि गळे अरुंद होतात. बारीक घेतली तर उलट घडतं. दोन मणी जिथे भेटतात तिथली टोकदार खाच गोल कटरला जमतच नाही. तिथे टोकदार कटर आणि तशाच पिनची जोडी लावून शेवटचा फेरा मारावा लागतो, नाहीतर सगळी आकृती वितळल्यासारखी दिसते.

कटरची उंची सेंटरच्या बरोबर रेषेत ठेवा. ती २ मिलिमीटर खाली गेली, तर ५० मिलिमीटर व्यासाच्या भागावर व्यासात फरक जेमतेम १६ शतांश मिलिमीटर पडतो. पण १२ मिलिमीटरच्या बारीक गळ्यावर व्यास १२.६ होतो. म्हणजे चूक नेमकी नाजूक भागात वाढते आणि गळा जाडसर राहतो. रूळ समांतर आहेत का हेही सुरुवातीलाच पाहून घ्या. फर्म्याच्या जागी सरळ पट्टी लावून एक साधा दांडा काता आणि दोन्ही टोकं व्हर्नियरने मोजा. माप सारखं येईपर्यंत रूळ हलवत राहा. या कामाला अर्धा तास दिला, तर पुढचे सगळे नग वाचतात.

लाकूड वाळलेलं हवं. वाळताना ते वार्षिक वलयांच्या दिशेने जास्त आणि गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने साधारण निम्मं आकसतं, त्यामुळे ओल्या लाकडाचा गोल दांडा पुढे लंबगोल होतो. सागवान चांगलं, हेदूही कातायला गुणी लाकूड आहे. सगळे तुकडे ५० बाय ५० चे, सरळ रेषांचे आणि मधे गाठ नसलेले निवडा. दोन्ही टोकांवर कर्ण आखून मध्य काढा.

आता पहिल्या परिच्छेदातली मण्यांची रेषा. सगळे तुकडे एकाच लांबीचे कापले, तरी हेडस्टॉकच्या सेंटरचे दात कधी जास्त, कधी कमी रुततात आणि त्यामुळे आकृती पुढे-मागे होते. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या एकाच टोकाकडून खूण करा आणि ती फर्म्याच्या सुरुवातीशी जुळवूनच लेथ सुरू करा. लांबीतला फरक दुसऱ्या टोकाच्या चौकोनात जाऊ द्या. तिथे तो छाटता येतो.

कठड्याच्या दांड्याला वर-खाली चौकोनी भाग राखायचा असतो. चौकोन संपून गोल भाग सुरू होतो तिथे कटर थेट लावला, तर कोपऱ्याची ढलपी उडते. ती जागा आधी तिरप्या पटाशीच्या टोकाने कापून घ्यावी. मधला भाग गोल पटाशीने हातानेच ओबडधोबड गोल करावा, कारण डुप्लिकेटरने कोपरे उडवायला वेळ लागतो आणि कटरही बोथट होतो. सुरुवातीला फिरण्याचा वेग मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास ठेवा. माल गोल होऊन थरथर थांबली की वाढवा. एका फेऱ्यात १ ते २ मिलिमीटरच काढायचे आणि जाडीकडून बारीकपणाकडे, उतारावरून यावं तसं, कटर न्यायचा. चढाकडे नेला की तंतू उपटले जातात. पिन फर्म्याला फक्त शेवटच्या फेऱ्यात पूर्ण टेकवा.

दांडा लांब आणि बारीक असेल तर मध्यावर तो कटरपासून पळतो. मग तिथला भाग जाड राहतो आणि त्यावर आवर्ती खुणा उठतात. मागून आधार देणारा स्टेडी लावा. तो नसेल तर वेग कमी करा आणि काप हलका घ्या. टेलस्टॉक आणखी आवळण्याचा मोह टाळा, त्याने दांडा वाकतो.

डुप्लिकेटरचा कटर लाकूड खरवडतो. पटाशी ते सोलून काढते. म्हणून यंत्रातून उतरलेला दांडा मापाला बरोबर असला तरी हाताला खरखरीत लागतो. बरेच जण हे सगळं पॉलिश पेपरवर सोपवतात आणि मण्यांच्या कडा मारून टाकतात. पृष्ठभागावर अर्धा मिलिमीटर जाडी राखून धारदार तिरप्या पटाशीचा एक हलका हात फिरवला, तर पेपरचं काम निम्मं होतं आणि कडा जिवंत राहतात. पेपर लावताना टूलरेस्ट काढून ठेवा. चेहऱ्यावर शील्ड आणि मास्क हवेत, आणि हातमोजे, ओढणी किंवा सैल बाह्या लेथजवळ अजिबात नकोत. लेथ चालू करण्यापूर्वी माल हाताने एकदा पूर्ण फिरवून कुठे अडत नाही ना हे पाहायलाच हवं.

तीन-चार दांडेच हवे असतील तर डुप्लिकेटर जोडू नका. पट्टीवर खुणा, कॅलिपर आणि पार्टिंग टूल एवढ्यात काम लवकर उरकतं. दहा-बाराच्या पुढे मात्र फर्मा करण्याचे कष्ट वसूल होतात. काम झाल्यावर फर्म्यावर पिनचा व्यास, कोणतं टोक सुरुवातीचं आणि कोणतं लाकूड वापरलं हे पेन्सिलीने लिहा, दोन जादा दांडे काता आणि हे सगळं घरमालकाकडे द्या. पुढे कधी कठड्यातला एखादा दांडा मोडला, तर त्याची जोडी तिथेच मिळेल.