गावच्या भूमीचा स्वभाव

नदीकाठच्या सखल शेताकडे पाहून परका मनुष्य सहज म्हणतो, "ही जागा तर मोकळीच आहे!" कागदावरच्या नकाशातही ती मोकळीच दिसते. गोव्यातील आमच्या वाचकांस मात्र ठाऊक आहे की, ते खाजन आहे. आणि खाजन कधीच मोकळे नसते.

हे शेत भरतीच्या पाण्याहून खाली असते. बाहेर खारफुटीची झाडी लाटांचा जोर मोडते. तिच्या आत मातीचा बांध, आणि बांधात मानस. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात व ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. आतल्या पोयीत मासळी वाढते. पावसाने मातीतील मीठ धुऊन निघाले, की खारवट जमिनीतही तग धरणारे कोरगुट भात पिकते. गावकऱ्यांच्या कोमुनिदादींनी ही व्यवस्था शतकानुशतके राखली. बांध एके ठिकाणी फुटला, तरी खारे पाणी साऱ्यांच्याच शेतात शिरते.

म्हणूनच गावाची योजना आखण्यापूर्वी भूमीचा स्वभाव ओळखावा, असे आम्हांस वाटते. याची एक रीत इंग्लंडमध्ये रूढ झाली आहे. तेथे संपूर्ण देशाचे १५९ भूप्रदेश पाडून प्रत्येकाचे वर्णन लिहिलेले आहे. खडक, माती, पाणी, झाडी, शेतांच्या सीमा, घरांची ठेवण या सर्वांची प्रथम नोंद करावयाची. कोठे काय राखावे आणि कोठे काय बांधावे, हा निर्णय त्यानंतर. ओळख आधी, निवाडा मागून, हे या रीतीचे मर्म होय. २००० साली फ्लॉरेन्स येथे झालेल्या युरोपीय करारानेही भूदृश्य म्हणजे तेथील लोकांना जाणवणारा प्रदेश, असे मानले आहे. तेव्हा गावकऱ्यांचा शब्द यात गौण नव्हे.

गोव्याने हा धडा अनुभवाने घेतला. २००६ साली जाहीर झालेली प्रादेशिक योजना लोकांच्या विरोधामुळे २००७ साली मागे घ्यावी लागली. पुढील 'प्रादेशिक योजना २०२१'मध्ये खाजने व भातशेते अधिक कडक संरक्षणाच्या विभागात घालण्यात आली.

परंतु नकाशावरील रंगाने बांध राखला जात नाही. घरे तर हवीतच. मुलांचे संसार कोठे मांडावयाचे? त्यासाठीच वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन एक दिवस गाव पायी फिरावा. मोरड कोठे, खेर कोठे, खाजन कोठे. कोणत्या उतारावरून विहिरींना पाणी येते. कोणत्या मानशीचे दार मोडले आहे, हे सारे वहीत लिहावे. ती वही घेऊन ग्रामसभेत जावे. कणसांच्या फेस्ताला नवी कणसे आणावयाची, तर ती पिकविणारे शेत आधी राहिले पाहिजे, नव्हे काय?