पोलादाला पडलेलं खळं

जालन्याच्या एमआयडीसीत तयार झालेली टीएमटी सळई आडवी कापा, तिचं तोंड आरशासारखं चकचकीत घासा आणि त्यावर अल्कोहोलमध्ये पातळ केलेलं नायट्रिक आम्ल लावा. थोड्याच वेळात कडेनं एक काळपट कडं उमटतं. मधला भाग फिकट राहतो. चंद्राला खळं पडतं ना, अगदी तसं. हे सगळं पोलाद एकाच भट्टीतलं. वरून मुलामा नाही, आत वेगळा धातू भरलेला नाही. तरी कडेचा स्वभाव एक आणि गाभ्याचा दुसरा. हा चमत्कार पाण्याचा आहे, आणि पाण्याला त्यासाठी एखाद-दुसरा सेकंदच मिळतो.

दोन स्वभाव हवेतच कशाला? बोलताना आपण ‘मजबूत’ म्हणून मोकळे होतो. पोलादाच्या धंद्यात या एका शब्दावर भागत नाही. ओरखडा, झीज, टोचा यांना दाद न देणं हा कठीणपणा. घाव बसला तर वाकणं, ताणलं जाणं, पण तुटून न पडणं हा चिवटपणा. काच कठीण आहे, चिवट नाही. बाभळीचं लाकूड चिवट, म्हणून मराठवाड्यातली औतं बाभळीची. पोलादात दोन्ही गुण हवे असतात, आणि एकाच जागी दोन्ही भरपूर मागितले की पोलाद हात वर करतं.

कारण अणूंच्या मांडणीत आहे. मांडवातली भली मोठी सतरंजी एका टोकाला धरून ओढली तर हलत नाही. तिला एक सुरकुती पाडून ती पुढं ढकलत नेली, तर वीतभर सहज सरकते. लोखंडातही अणूंच्या थरांमध्ये अशा सूक्ष्म सुरकुत्या असतात. त्या धावतात म्हणून लोखंड वाकतं. त्या जागीच अडवल्या की धातू कठीण होतो. पण तडा जाऊ लागला, की त्याचं धारदार टोक बोथट करायला याच सुरकुत्या धावून याव्या लागतात. त्या जखडलेल्या असतील तर तड्याला रान मोकळं. सुरकुत्यांची जी बंदी कठीणपणा देते, तीच ठिसूळपणाही देते.

ही बंदी घालण्याचं काम कार्बन करतो. हजारात दोन-तीन भाग असला तरी पुरे. लोखंड नऊशे अंशांच्या वर तापलं की त्याच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बनला तिच्यात जागा मिळते. सावकाश निवू दिलं तर कार्बन बाहेर पडून आपला वेगळा संसार थाटतो. एकदम पाण्यात बुडवलं तर त्याला निघायला वेळच मिळत नाही. तो अडकतो, मांडणी वेडीवाकडी ताणली जाते, सुरकुत्या ठप्प होतात. या अवस्थेला जर्मन धातुशास्त्रज्ञ अडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. कार्बन जास्त असेल तर असं पोलाद कमालीचं कठीण होतं, आणि हातोड्याच्या एका घावात फुटूही शकतं.

आपल्या लोहाराला मार्टेन्साइट हे नाव ठाऊक नव्हतं, पण त्याला आवरायचं कसं हे पक्कं ठाऊक होतं. या कामाला तो ‘पाणी देणं’ म्हणतो. पाथरवटाची टाकी घ्या. टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही, असं आपण म्हणतो. पण तितकेच घाव टाकीही सोसते. तिचं टोक दगडाहून कठीण हवं आणि हातोड्याखाली तडकायलाही नको. म्हणून लोहार तिचं तोंड लाल करतो, फक्त टोक पाण्यात बुडवतो आणि लगेच बाहेर काढतो. टोक घासून उजळ करतो आणि पाहत बसतो. मागच्या दांड्यात उरलेली ऊब हळूहळू पुढं येते आणि उजळलेल्या टोकावर रंग चढू लागतात. सव्वादोनशे-अडीचशे अंशांना गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, तीनशेच्या आसपास निळा. हे रंग म्हणजे पृष्ठभागावर धरलेला ऑक्साइडचा अतिपातळ पापुद्रा. या उबेनं अडकलेला थोडा कार्बन सुटतो आणि पोलादाचा ताठा उतरतो. हवा तो रंग आला की टाकी पुन्हा पाण्यात. घाई केली तर टोक उडतं, उशीर केला तर मऊ पडतं. अंश मोजायला त्याच्याकडे डोळेच असतात.

आता जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये चला. भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत सोळाशे अंशांच्या आसपास वितळतं. त्याचे बिलेट, म्हणजे ओतीव ठोकळे, होतात. बिलेट रोलांच्या जोड्यांमधून पिळून निघत लांब, बारीक सळई बनते आणि शेवटच्या जोडीतून हजारेक अंशांची लालबुंद सळई सुसाट बाहेर पडते. पुढं पाण्याची पेटी. जोरदार फवाऱ्यात कड क्षणात निवते आणि मार्टेन्साइट बनते. गाभा अजून लालच. पेटीतून बाहेर आल्यावर सळई थंड होण्यासाठी पसरतात, आणि गाभ्यातली ऊब उलटी कडेकडे येते. कड पुन्हा सहाशे अंशांच्या आसपास तापते, तिचा ताठा उतरतो, कठीणपणा बराच राहतो. गाभा सावकाश निवत चिवट होतो. वेगळी भट्टी नाही, जादा इंधन नाही. जी ऊब वाया जायची, तीच राबली.

हे लोहाराचंच गणित आहे. त्यानं टोक बुडवलं आणि दांड्याची ऊब वापरली. मिल कड बुडवते आणि गाभ्याची ऊब वापरते. बेल्जियममधल्या लीएज शहरातल्या धातुसंशोधन केंद्रानं १९७० च्या दशकात ही पद्धत टेम्पकोअर नावानं विकसित केली. त्याआधी आपल्याकडं ‘टॉर’ चालायचा, गार असतानाच पिळलेली सळई. पिळल्यानं ताकद वाढायची, पण ती वाकण्याच्या क्षमतेतून वळती व्हायची. जुन्या स्लॅबचं प्लास्टर गळालं की तो दोरखंडासारखा पीळ अजून दिसतो.

मात्र पाणी सगळे दोष धूत नाही. भंगारातून फॉस्फरस आणि गंधक येतात, आणि दोघंही पोलाद ठिसूळ करतात. सिलिकाचं अस्तर असलेल्या साध्या इंडक्शन भट्टीत फॉस्फरस काढणं जवळपास अशक्य. म्हणून चिवटपणाची निवड भट्टी पेटण्याआधी, भंगाराच्या ढिगापाशीच सुरू होते. आयएस १७८६ या भारतीय मानकात हा फरक एका अक्षरात येतो. एफई ५०० आणि एफई ५००डी या दोन्ही सळया प्रति चौरस मिलिमीटर किमान ५०० न्यूटन ताण सोसल्यावरच कायमच्या लांबू लागतात. पण तुटेपर्यंत पहिली किमान १२ टक्के लांबली पाहिजे, दुसरी १६ टक्के. त्यासाठी ‘डी’मध्ये फॉस्फरस आणि गंधक प्रत्येकी ०.०४० टक्क्याच्या आत लागतो. साध्या ५०० ला ०.०५५ पर्यंत सवलत आहे.

जालन्यातच एनआरबी बेअरिंग्जचा कारखाना आहे, आणि तिथं नेमकी उलटी निवड दिसते. सुईसारखा बारीक रोलर वाकायचा नसतो. त्यानं लाखो फेऱ्यांत झिजू नये एवढंच हवं असतं. अशा कामाचं नेहमीचं पोलाद म्हणजे सुमारे १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम. वर्कशॉपमध्ये त्याला ‘ईएन-३१’ म्हणतात. हे नाव दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश मानकातून आलं आणि आपल्याकडं कायमचं राहिलं. ते कडक करून जेमतेम दोनशे अंशांपर्यंत तापवतात, म्हणजे ताठा अगदी थोडाच उतरवायचा. रॉकवेल मापावर कठीणपणा साठच्या घरात. सळई सहाशेला आणि रोलर दोनशेला. पाणी देणं सारखंच. ऊब कुठं थांबवायची, यात दोघांची आयुष्यं वेगळी होतात.

पोलाद कापणाऱ्या शिअरच्या पात्याला मात्र झीजही सोसायची आणि दणकाही. दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियमचं डी-टू घेतलं तर धार टिकते, पण जाड माल आला की पातं कपची सोडतं. अर्धा टक्का कार्बनचं दणका सोसणारं पोलाद घेतलं तर कपची निघत नाही, धार मात्र लवकर लावावी लागते. म्हणून जाणता माणूस आधी विचारतो, जुनं पातं कसं मेलं? झिजून की तुटून? उत्तर ‘झिजून’ असेल तर कठीणपणाकडं सरकायचं, ‘तुटून’ असेल तर चिवटपणाकडं.

शिवाय चिवटपणा सगळ्या हवेत सारखा राहत नाही. १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या गोदीत स्केनेक्टडी नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज शांत पाण्यात उभ्या उभ्या मोडलं. युद्धकाळातल्या अशा जहाजांचं कोडं केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी सोडवलं. त्या पोलादाचा चिवटपणा थंडीत संपत होता. एरवी वाकणारा जहाजाचा पत्रा गारठ्यात चिनीमातीच्या बशीसारखा तडकत होता.

कठीणपणा आणि चिवटपणाच्या या ओढाताणीत एक वाट दोघांच्याही फायद्याची आहे. पोलादाचे आतले कण जितके बारीक, तितकं ते कठीणही आणि चिवटही. प्रत्येक कणाची हद्द सुरकुत्यांना अडवते आणि तड्यालाही वळण घ्यायला लावते. म्हणूनच व्हॅनेडियम किंवा नायोबियमची चिमूट घालून आणि लाटण्याचं तापमान सांभाळून कण बारीक ठेवण्यासाठी एवढी धडपड चालते.

मराठवाड्याला हे सगळं पुस्तकातून शिकावं लागलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारीत कोसळली ती मातीत रचलेली जाड दगडी घरं. दगड कठीणच होता. भिंतीला चिवटपणा नव्हता. तेव्हा तुमच्या बांधकामावर सळईची गाडी रिकामी होईल, त्या दिवशी फक्त वजन आणि भाव पाहू नका. सळईवर उठवलेला ग्रेड वाचा, चाचणीचा दाखला मागा आणि ५०० च्या पुढं ‘डी’ आहे का ते बघा.