पहाऱ्याचे शास्त्र आणि त्याची पदवी



सुरक्षा-सेवांचे व्यवस्थापन या विषयात विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी मिळते, असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रथम हसू उमटते. फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याचे नाव वहीत लिहून घ्यायचे आणि पहाटेची डुलकी आवरायची. एवढ्यासाठी विद्यापीठ कशाला हवे? प्रश्न खोचक असला तरी रास्त आहे. ‘काळ बदलला’ असे मोघम उत्तर देऊन तो टाळता येणार नाही. या पदवीत शिकवतात काय, आणि ते शिकून कोणाचे भले होते, हे पाहिले पाहिजे.

राखणीची विद्या आपल्याला नवी नाही. पेशवाईतल्या गावगाड्यात जागल्या होता, रामोशी होता. गावात चोरी झाली की चोराचा माग काढण्याचे काम त्याचे. माग शिवेपर्यंत नेऊन तो पुढच्या गावात शिरला असे दाखवून दिले की जबाबदारी त्या गावाच्या राखणदारावर जाई. माग मध्येच हरवला तर भरपाईची टांगती तलवार ह्याच्याच डोक्यावर. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखासंबंधी जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे वर्णन आहे. या कामाबद्दल राखणदाराला गावाच्या पिकात हक्काचा वाटा मिळे. ही व्यवस्था आदर्श होती असे मी म्हणत नाही. ती जातीला जखडलेली होती. पुढे राखणीचे हक्क बुडाले तेव्हा रामोशी उठले, आणि त्यांचे पुढारी उमाजी नाईक यांना १८३२ साली पुण्यात फाशी दिले गेले, हे आपण जाणताच. परंतु त्या जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट होती. जबाबदारी, माग काढण्याचा अधिकार आणि कामाचा मोबदला ही तिन्ही एकाच माणसापाशी होती.

आज ही तिन्ही तीन ठिकाणी विखुरली आहेत. मालमत्ता एकाची, ती राखण्याचे कंत्राट दुसऱ्याचे आणि रात्रभर जागणारा तिसराच. मालकाला वाटते, आपण पैसे मोजले, आता काळजी नाही. कंत्राटदाराला वाटते, माणसे पुरवली, आता काळजी नाही. ज्याला रात्री दोन वाजता कुंपणापलीकडे काहीतरी हललेले दिसते, त्याला ते सांगावे कोणाला हेच ठाऊक नसते. विखुरलेल्या या तीन गोष्टी पुन्हा एकत्र कशा बांधाव्यात, याचा अभ्यास म्हणजे ही पदवी, असे मी तरी समजतो.

अभ्यासाची सुरुवात फाटकापासून होतच नाही. येथे राखण्यासारखे काय आहे, त्याला धोका कोणाचा किंवा कशाचा, तो धोका आत शिरेल अशी फट कोठे, आणि तसे झालेच तर नुकसान किती, हे चार प्रश्न आधी कागदावर मांडावे लागतात. राखणीचा खर्च नुकसानीपेक्षा जास्त होत असेल तर ती राखण नसून हौस आहे, हे सांगण्याचे धैर्यही येथेच शिकवले जाते. दहा लाखांचा माल राखण्यासाठी वीस लाखांचे कॅमेरे बसवणारे आणि आग विझवण्याच्या नळ्यांत पाणी आहे की नाही हे वर्षभर न पाहणारे कारखानदार काही थोडे नाहीत.

मग येते गुन्ह्याचे शास्त्र. १९७९ साली कोहेन आणि फेल्सन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एक साधा विचार मांडला. गुन्हा घडण्यासाठी तीन गोष्टी एका वेळी, एका जागी जमाव्या लागतात: करायला तयार असलेला माणूस, सहज हाती येईल असे भक्ष्य, आणि राखणाऱ्याचा अभाव. माणसाचे मन पालटणे हे साधुसंतांचे किंवा समाजसुधारकांचे काम. भक्ष्य आडोशाला नेणे आणि राखणारा जागेवर ठेवणे एवढे मात्र व्यवस्थापकाच्या हातात असते. रॉनल्ड क्लार्क यांनी याच धर्तीवर, परिस्थिती बदलून गुन्हा अवघड कसा करावा, याची मांडणी केली. दिव्याची जागा, भिंतीची उंची, पैसे मोजण्याची खोली कोणत्या बाजूला असावी असल्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींना त्यामुळे अभ्यासात मानाचे पान मिळाले.

यानंतरचे प्रकरण हिशेबाचे आहे. मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ते आपल्यापैकी प्रत्येकाच्या दारात घडते. आठवड्याचे तास १६८. एका माणसाने आठवड्याला ४८ तास काम करावे हे सर्वमान्य प्रमाण. म्हणजे एक जागा अहोरात्र राखायची तर साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण आणि सण धरले तर चाराच्या वर. आता आपल्या गृहनिर्माण संस्थेची सभा आठवून पाहा. ‘दोन माणसे ठेवा, एक दिवसाचा, एक रात्रीचा,’ असा ठराव होतो आणि चहा येतो. दोन माणसांत १६८ तास वाटले की प्रत्येकी ८४ होतात, आणि सुट्टीला जागाच उरत नाही. मग रात्रीचा माणूस झोपलेला सापडला म्हणून त्याच सभेत त्याचा उद्धार होतो. झोप त्याची असली तरी तिचा ठराव आपण केलेला असतो.

हा हिशेब कायद्यात उतरवण्याचा प्रयत्न महाराष्ट्राने इतरांच्या आधी केला, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळे आली. त्याच वळणावर १९८१ साली खाजगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यासाठी कायदा झाला. रक्षकाने मंडळाकडे नाव नोंदवावे, मालकाने वेतन मंडळाकडे भरावे, आणि भविष्यनिर्वाह निधी, रजा इत्यादी हक्क मंडळाने सांभाळावेत, अशी त्याची रचना. पुढे २००५ साली केंद्राचा कायदा आला. रक्षक पुरवणाऱ्या संस्थेला परवाना आवश्यक ठरला आणि रक्षकाच्या शिक्षणाचे मान ठरले. आदर्श नियमांप्रमाणे १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवर असे १६० तासांचे हे शिक्षण आहे. त्यात आग विझवणे, गर्दी आवरणे, ओळखपत्र तपासणे, प्रथमोपचार हे सारे आहे. प्रत्यक्षात हे १६० तास किती ठिकाणी पुरे होतात, हे आपल्या फाटकावरच्या माणसाला विचारून पाहावे. उत्तरासाठी दूर जावे लागणार नाही.

परंतु रक्षकाला शिकवून भागत नाही. त्याचे शिक्षण पुरे झाले आणि त्याच्या वरची व्यवस्था अडाणी राहिली तर काय होते, हे सांगणारे उदाहरण इंग्लंडातले आहे. ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण या पदवीचे प्रयोजन त्यातून जितके कळते तितके कोणत्याही माहितीपुस्तकातून कळणार नाही.

२२ मे २०१७ रोजी मँचेस्टर शहरातील एका मोठ्या प्रेक्षागृहात गाण्याचा जलसा होता. श्रोत्यांत लहान मुलेमुली पुष्कळ. रात्री साडेदहाच्या सुमारास मंडळी बाहेर पडू लागली, तेव्हा बाहेरच्या दालनात पाठीवर स्फोटकांची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या तरुणाने स्फोट घडवला. २२ निरपराध माणसे मेली. सर जॉन सॉन्डर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली, आणि सुरक्षेविषयीचा तिचा पहिला खंड जून २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो माणूस कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या कोपऱ्यात बराच वेळ बसला होता. आपल्या मुलीला न्यायला आलेल्या एका गृहस्थाला त्याचा संशय आला. स्फोटाच्या सुमारे पाव तास आधी या गृहस्थाने तेथल्या एका तरुण कर्मचाऱ्याला तसे सांगितलेही. त्या कर्मचाऱ्याजवळ बिनतारी यंत्र नव्हते आणि जागा सोडता येत नव्हती. काही वेळाने त्याने ही गोष्ट दुसऱ्या रक्षकाला सांगितली. हा दुसरा अवघ्या १८ वर्षांचा. आपला अंदाज चुकला तर वंशद्वेषाचा ठपका येईल, ही भीती त्याच्या मनात होती. त्याने यंत्रावरून नियंत्रण कक्षाला गाठण्याचा प्रयत्न केला; संपर्क झाला नाही. निरोप वर पोचलाच नाही.

म्हणजे पाहा, डोळ्यांना दिसले होते, आणि संशयही बरोबर होता. उणीव होती ती खालच्या माणसाचा शब्द वर नेणाऱ्या वाटेची. कोणाजवळ यंत्र असावे, कोपरा कोणी किती वेळाने पाहावा, शंका चुकीची ठरली तरी सांगणाऱ्याला बोल लागणार नाही असा भरवसा त्याला कोणी द्यावा, हे अठरा वर्षांच्या पोराने ठरवायचे नव्हते. ते त्याच्या वरच्यांचे काम होते.

या स्फोटात मार्टिन हेट नावाचा २९ वर्षांचा तरुण गेला. त्याची आई फिगेन मरी. काही काळाने त्या एका दुसऱ्या जलशाला गेल्या, आणि तेथे कोणी पिशवीसुद्धा तपासत नाही हे पाहून थक्क झाल्या. मोठ्या सभागृहाच्या चालकावर अशी तपासणी कायद्याने बंधनकारक नाही, हे त्यांना तेव्हा उमगले. शोकात बुडालेल्या माणसाने रागाने पत्रे लिहावीत, एवढे सारेच करतात. या बाई विद्यापीठात गेल्या. सेंट्रल लँकशायर विद्यापीठात दहशतवाद-प्रतिबंध या विषयात त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळवली, आणि मागणी सोडली नाही. ३ एप्रिल २०२५ रोजी त्या कायद्याला राजसंमती मिळाली. लोक त्याला मार्टिनचा कायदा म्हणतात. २०० किंवा अधिक माणसे जमण्याचा संभव असलेल्या जागेच्या चालकाने संकटकाळी काय करायचे याची रीत ठरवून ठेवावी, आणि ८०० किंवा अधिक माणसे जमतात तेथे याहून जास्त उपाय योजावेत, असे त्याचे सूत्र आहे. तयारीसाठी निदान दोन वर्षांची मुदत दिलेली आहे. पदवीने मुलगा परत आला नाही. परंतु मंत्र्यांपुढे आणि अधिकाऱ्यांपुढे बसून बोलायला लागणारी भाषा हाती आली, ही गोष्ट लहान नाही.

आता ही पदवी कोठे मिळते ते थोडक्यात. इंग्लंडात लेस्टर विद्यापीठाने १९८७ साली सार्वजनिक सुव्यवस्थेच्या अभ्यासाचे केंद्र काढले आणि पुढे सुरक्षा-व्यवस्थापनाचे शिक्षण टपालाने घरपोच दिले. नोकरी न सोडता शिकू पाहणाऱ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली. आपल्याकडे गुजरातेत २००९ साली रक्षा शक्ती विद्यापीठ स्थापन झाले. संसदेच्या कायद्याने २०२० साली त्याचे राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ झाले, आणि खाजगी व औद्योगिक सुरक्षेसाठी तेथे स्वतंत्र विभाग आहे. अमेरिकेतल्या १९५५ साली स्थापन झालेल्या व्यावसायिकांच्या संघटनेची परीक्षा निराळी. ती अनुभव मागते, ती विद्यापीठाची पदवी नव्हे.

ही पदवी कोणी घ्यावी? निवृत्त लष्करी आणि पोलीस अधिकारी हिच्याकडे वळतात. त्यांना शिस्त शिकवावी लागत नाही. कंत्राट वाचायला आणि हुकूम न सोडता काम करून घ्यायला मात्र शिकवावे लागते. पदवीधर तरुणांना माझा सल्ला असा की आधी दोन वर्षे पाळीची नोकरी करावी. रात्रीचे बारा तास उभे राहिल्याशिवाय १६८ तासांचा हिशेब फळ्यावरचाच राहतो. प्रवेश घेण्यापूर्वी दोन चौकशा अवश्य कराव्यात: पदवीला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, आणि प्रबंधासाठी प्रत्यक्ष जागेवर काम करू देतात का. दुसरीचे उत्तर नकारार्थी असेल तर शुल्क वाचवावे.

प्रबंधाला विषय मिळत नाही अशी तक्रार विद्यार्थी करतात, तेव्हा मी त्यांना फाटकावरची वही सुचवतो. कोणत्याही रुग्णालयाची, गोदामाची किंवा गृहनिर्माण संस्थेची तीन महिन्यांची वही घ्यावी. रक्षकाने शेऱ्याच्या रकान्यात काय काय लिहिले आहे ते उतरवून काढावे: मागचा दिवा बंद, कुंपणाची तार तुटलेली, अनोळखी गाडी दोनदा आली. मग प्रत्येक शेऱ्यापुढे तो कोणी वाचला, किती दिवसांनी वाचला आणि त्यावर काय केले, हे शोधावे. काम कंटाळवाणे आहे, खर्च काही नाही, आणि मालकाची परवानगी मिळवण्यातच निम्मे शिक्षण होऊन जाते.