भित्र्या कुत्र्याची भीती व खाऊचा उपयोग

राखणीचा कुत्रा भित्रा असल्यास तो चावेल या धास्तीने रेबीजची लस टोचण्याचे राहून जाते. आणि या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर प्राण वाचणे जवळजवळ अशक्य असते. खाऊ दिल्याने भीती वाढते, हा समज चुकीचा आहे. परका मनुष्य दुरून दिसताच धन्याने कुत्र्यापुढे भाकरीचा अथवा उकडलेल्या अंड्याचा लहान तुकडा टाकावा. मनुष्य आधी व खाऊ नंतर, हा क्रम मोडू नये. कुत्रा खात नसल्यास अंतर वाढवावे. खाऊ लागल्यास ते दिवसेंदिवस थोडे थोडे कमी करावे. आमिष दाखवून त्यास परक्याजवळ ओढू नये, मारू तर मुळीच नये. कांदा, लसूण, द्राक्षे व चॉकलेट कुत्र्यास अपायकारक असल्याने देऊ नयेत.