कर्ज कारखान्याचे, कुलूप बँकेचे

गावात कुणी सावकाराचे पैसे घेतले, की त्याच्या खळ्यावर सावकाराची नजर राहते. मोठ्या कारखान्याचे तरी निराळे काय आहे? कर्ज किती काढायचे ते संचालक ठरवतात, असे आपण समजतो. पण धनकोला विचारल्यावाचून त्यांचे पान हलत नाही.

साखर कारखान्याचेच उदाहरण घ्या. ऊस चार-पाच महिन्यांत गाळायचा, साखर मात्र वर्षभर थोडी थोडी खपते. तोवर उसाचे पैसे कोठून द्यायचे? कारखाना गोदामातली साखर बँकेकडे तारण ठेवतो. याला मालतारण कर्ज म्हणतात. साखर कारखान्याच्या आवारात, पण ताबा बँकेचा! बँक पूर्ण किमतीइतकी उचल देत नाही. भाव उतरला की उचलही घटते. साखर विकली की बँक आपले येणे आधी वळते करून घेते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे १४ दिवसांत मिळायला हवेत. पण जुन्या कर्जाचे हप्ते डोईजड झाले, की हे देणे रखडते.

कर्ज फिटेपर्यंत धनकोच्या अटीही असतात : आमच्या संमतीवाचून नवे कर्ज काढू नका, यंत्रे विकू नका. हप्ते थकले तर काय? २००२ च्या कायद्याने बँकांना कोर्टात न जाता तारण जप्त करता येऊ लागले. कंपन्यांसाठी २०१६ साली दिवाळखोरी संहिता आली. तीत थकलेल्या कंपनीचे काय करायचे, ते धनकोंची समिती मतदानाने ठरवते. थकबाकीदार मालकाला देणे चुकते केल्यावाचून सहसा ती परत घेता येत नाही. हजीऱ्याची एस्सार स्टील अशीच २०१९ साली नव्या मालकांकडे गेली. कंपनी हातची जाते हे दिसल्यावर मालक कर्ज काढताना दहादा विचार करणारच.

मग धनको कडक असलेला बरा का? फार कडक झाला, तर चांगला धंदाही वाढायला कचरतो. फार सैल सोडले, तर बँक बुडते. आणि बँकेतला पैसा तरी कुणाचा? तुमच्याआमच्यासारख्या ठेवीदारांचाच ना!

म्हणून सभासद बंधूंनो, वार्षिक सभेत उसाच्या भावाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा : कर्ज किती आहे, आणि तारण काय दिले आहे? गुरुजींनी ताळेबंद वाचून दाखवला, तर फारच उत्तम.