गाडी मित्राची, अपघात कुणाचा?

लग्नसराईत एकाची गाडी दुसऱ्याच्या हाती जाणे नेहमीचेच. मित्राने ती ठोकली, तर विमा मिळतो का? बहुतेक वेळा मिळतो, कारण मोटार विमा काढला जातो तो वाहनाचा. मालकाच्या परवानगीने, वैध परवाना असलेली व्यक्ती चालवत असेल, तर सर्वसमावेशक पॉलिसीतून दुरुस्तीचा दावा करता येतो. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीचा खर्च खिशातूनच करावा लागतो. दावा मालकाच्या नावे होत असल्याने नो क्लेम बोनसही त्याचाच जातो. किरकोळ खरचटण्यासाठी तो गमावू नये.

खरा धोका परवान्याचा. परवाना नसलेल्याला गाडी दिल्यास मालकाला 5,000 रुपये दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चालक अल्पवयीन असेल, तर पालक किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत तुरुंगवास. अशा प्रकरणांत विमा कंपनीने जखमीला भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेशही न्यायालये देतात.

चालवणाऱ्या मित्राचे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतो. उसन्या मोटारसायकलवर बैलगाडीला धडकून एकाचा मृत्यू झाला होता. त्या खटल्यात 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की वाहन मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो. त्यामुळे दोष सिद्ध न करता मिळणारी भरपाई त्याच्या कुटुंबाला मागता येत नाही. मालक-चालकाचे 15 लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही पॉलिसीच्या अटींनुसार मालकासाठीच असते.

म्हणून किल्ली देण्यापूर्वी परवाना मागून पाहा आणि अपघात झालाच, तर विमा कंपनीला लगेच कळवा. चालक मित्र होता, हे लपवू नका. खोट्या माहितीवर दावा फेटाळला जातो.