भिंत दहा फुटांची, चित्र वीतभर!

सालवड-बोईसरला भाड्याच्या खोलीत राहताय? मग तुमच्या भिंतीवर काय असणार ते सांगायला नको: फिकट चुना, मधोमध एक जुना खिळा आणि त्याला कॅलेंडर. हौसेने छोटं चित्र लावलं, तर ते तिकिटाएवढं दिसतं. मोठी फ्रेम महाग आणि नवा खिळा ठोकायला घरमालकाची बंदी. मग करायचं काय?

उत्तर आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. वारली चित्र नीट बघा. सामान किती? गेरू, तांदळाचं पीठ, बांबूची काडी. आकार तीनच: गोल, त्रिकोण, चौकोन. तरी भिंत भरून जाते. त्यातल्या तीन युक्त्या फुकटात उचला.

पहिली, मागचा रंग. पांढऱ्या भिंतीवर फिकट चित्र उठत नाही, गेरूवर पांढरी रेघ लगेच उठते. जुन्या चादरीचा तीन बाय दोन फुटांचा तुकडा घ्या. गेरूत पाणी आणि थोडा फेविकॉल घाला, नाहीतर वाळल्यावर हाताला रंग लागेल. वाळल्यावर वीतभर चित्र मधोमध चिकटवा. आता नजरेला सगळा तुकडा मिळूनच चित्र वाटतं.

दुसरी, किनार. वारली लग्नात सवासिनी भिंतीवर चौक काढतात. त्यात पालघट देवीभोवती नक्षीची दाट चौकट असते. तुम्हीही कापडाच्या कडेने पांढऱ्या पोस्टर कलरने नक्षी काढा. झाली फ्रेम!

तिसरी, लहान माणसं. स्वतः काढणार असाल तर झाड हातभर आणि माणसं बोटभर काढा. माणूस लहान झाला की झाड आपोआप प्रचंड वाटतं.

लावायचं कसं? वरच्या कडेला काठी शिवा, सुतळी बांधा, जुन्याच खिळ्याला अडकवा. खोली सोडताना गुंडाळून न्या. डिपॉझिट सेफ!

चित्र भिंतीवरून उतरवणं नवीन नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या दशकापासून ही कला कागदावर, कापडावर आणली आणि जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण एक लक्षात ठेवा. लग्नाचा चौक हा विधी आहे, तो शोभेसाठी कॉपी करू नका. तुमच्या कापडावर तुमचं रोजचं आयुष्य येऊ द्या: लोकलची गर्दी, एमआयडीसीची धुराडी, कँटीनचा कट्टा. आणि मधोमध लावायला अस्सल वारली चित्र हवं असेल, तर मशीनवर छापलेलं मोठं पोस्टर घेण्यापेक्षा आदिवासी चित्रकाराच्या हातचं पोस्टकार्डाएवढं चित्र घ्या. पैसे योग्य हातात जातील. आणि ते मोठं कसं दाखवायचं, हे आता तुम्हाला माहीत आहेच.